सहकारी साखर कारखान्याचं अर्थकारण: ऊस उत्पादक सभासदांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदासाठी आहेत. उदाहरणांतले एफआरपी (केंद्राने ठरवलेला उसाचा दर) आणि इथेनॉलचे दर सरकारने ठरवलेले आहेत. तोडणी-वाहतूक खर्च, साखरेचा भाव, बँकेची कपात असे बाकीचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते धरले आहेत. ते खोडून तिथे आपल्या कारखान्याचे घाला.

कारखाना सभासदांचा म्हणतात, म्हणजे नेमका कुणाचा?

कागदावर भागधारक शेतकऱ्यांचा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हापासून रचना तीच आहे: एक सभासद, एक मत. शेअर एक असो की दहा, मत एकच.

पैसा कुणाचा, हा मात्र वेगळा प्रश्न आहे. महाराष्ट्रात नवा कारखाना उभा करताना वर्षानुवर्षं जो ढाचा चालला त्यात प्रकल्पखर्चाच्या साधारण १० टक्के रक्कम सभासदांच्या शेअरची, ३० टक्के राज्य सरकारच्या भागभांडवलाची आणि ६० टक्के मुदत कर्जाची असे. म्हणजे मालक दहा टक्क्यांचा, बाकीचं सरकारचं आणि बँकेचं. सरकारी भागभांडवल परत करायचं असतं, कर्ज व्याजासह फेडायचं असतं, आणि दोन्हींचे हप्ते शेवटी उसाच्या पैशातूनच जातात. मालकी स्वस्तात मिळाली खरी, पण तिची किंमत पुढे टनामागे वसूल होत राहते.

सभासद व्हायला काय लागतं? शेअर किती रुपयांचा?

कार्यक्षेत्रात स्वतःच्या नावावर जमीन, तिच्यावर ऊस आणि शेअरची पूर्ण रक्कम. शेअरची दर्शनी किंमत कारखान्याच्या उपविधीत असते. दहा हजार आणि पंधरा हजार हे आकडे सर्रास दिसतात. अर्जासोबत सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक आणि नामनिर्देशन, म्हणजे वारसाचं नाव, द्यावं लागतं. संचालक मंडळाने अर्ज मंजूर केल्याचा ठराव झाल्यावरच सभासदत्व लागू होतं, पैसे भरल्याच्या दिवशी नव्हे.

इथे नेहमी होणारी चूक अशी. शेअरची रक्कम उसाच्या बिलातून हप्त्याने कापली जाते, दोन-तीन हंगामांनी थोडी बाकी राहते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. निवडणुकीची मतदारयादी लागते तेव्हा नाव ‘अपूर्ण भाग’ या कारणाने बाहेर. दरवर्षी एकदा शेतकी ऑफिसला जाऊन शेअर खात्याचा उतारा मागा. भाग दाखला हातात नसेल तर तोही मागून घ्या.

उपविधीत ‘क्रियाशील सभासद’ ही अट आहे का, तेही बघा. तिच्यात सर्वसाधारण सभेची हजेरी आणि ठरलेला किमान ऊसपुरवठा येतो. सभेला जाऊन हजेरीपत्रकावर सही न करता परत आलात, तर गेला नाहीत असंच धरतात.

कारखान्याला नफा झाला तर डिव्हिडंड, म्हणजे शेअरवरचा लाभांश, का मिळत नाही?

सहकारी साखर कारखान्यात सभासदाचा फायदा डिव्हिडंडातून येत नाही, उसाच्या दरातून येतो. हे एकदा नीट समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

खासगी कंपनीत उसाचा दर हा खर्च. तो जितका कमी, तितका मालकाचा नफा जास्त. सहकारात मालक आणि ऊस घालणारा एकच माणूस. म्हणून वर्षअखेरीला शिल्लक दिसू लागली की संचालक मंडळ ‘अंतिम दर’ वाढवून ती सभासदांत टनाच्या हिशेबाने वाटून टाकतं. ताळेबंदात नफा नाममात्र उरतो, आणि त्यात गैर काही नाही. उरलेल्या नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत घालावा लागतो आणि डिव्हिडंडला कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे. दहा हजारांच्या शेअरवर कमाल दीड हजार. त्याच सभासदाचा शंभर टन ऊस असेल तर टनाला शंभर रुपये जास्त मिळणं म्हणजे दहा हजार. कशासाठी भांडायचं ते यावरून ठरवा.

प्राप्तिकर खात्याचा वाद इथूनच निघाला होता. किमान दरापेक्षा जास्त दिलेली रक्कम हा खर्च नसून नफ्याची वाटणी आहे, असं म्हणून कारखान्यांवर कर लावला गेला. सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंतची रक्कम २०१६-१७ या आकारणी वर्षापासून खर्च म्हणून धरली जाऊ लागली, आणि त्याआधीच्या वर्षांसाठीचा दिलासा २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिळाला. तोवर कित्येक कारखान्यांच्या ताळेबंदात ही मागणी ‘संभाव्य देणी’ म्हणून लटकत होती.

या रचनेची उलट बाजूही आहे. दर जास्त दाखवून राखीव निधी कोरडा ठेवला, तर साखरेचा भाव पडलेल्या एकाच वर्षात कारखाना कर्जात जातो. निवडणुकीच्या वर्षातला दर जरा संशयानेच पाहावा.

एफआरपी कशी काढतात?

एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, केंद्र सरकार दर हंगामाला ठरवतं. २००९-१० पासून ही पद्धत आहे. त्याआधी वैधानिक किमान दर होता. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून १०.२५ किलो साखर निघाली तर, क्विंटलला ३५५ रुपये. उतारा त्यापुढे गेला तर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढतात, खाली आला तर तितकेच घटतात. पण ९.५ टक्के किंवा त्याखाली कितीही घसरला तरी ३२९.०५ च्या खाली दर जात नाही.

आता हिशेब. समजा कारखान्याचा मागच्या हंगामाचा उतारा ११.४५ टक्के. पायापेक्षा १.२० जास्त, म्हणजे बारा टप्पे. बारा गुणिले ३.४६ बरोबर ४१.५२. अधिक ३५५, म्हणजे क्विंटलला ३९६.५२, टनाला ३९६५ रुपये २० पैसे.

उतारा हा अख्ख्या कारखान्याचा सरासरी असतो, तुमच्या शेताचा नाही. तुमचा ऊस फुले २६५ जातीचा असो की को ८६०३२, बारा महिने भरलेला असो की दहा महिन्यांत तोडलेला, दर एकच. म्हणून ज्याला लवकर रान मोकळं करायचंय तो कोवळा ऊस घालायला बघतो, आणि उतारा सगळ्यांचा पडतो. ऑक्टोबरातच धुराडं पेटवायची घाई झाली की सुरुवातीचे पंधरा दिवस उतारा आठ-नऊवर रेंगाळतो तो याचमुळे.

जाहीर दर चार हजारांच्या घरात आणि हातात तीन हजार. मधले कुठे गेले?

तोडणी-वाहतुकीला. एफआरपी हा कारखान्याच्या गेटवर पोचलेल्या उसाचा दर आहे. महाराष्ट्रात ऊस शेतकरी स्वतः तोडून आणत नाही, कारखाना टोळी पाठवतो आणि तो खर्च दरातून वजा करतो. वरच्या उदाहरणात टनाला ९०० रुपये खर्च धरला, तर ३०६५ रुपये २० पैसे उरतात.

या ९०० मध्ये काय काय असतं ते बघण्यासारखं आहे. तोडणी मजुराची मजुरी, मुकादमाचं कमिशन, वाहतुकीचं भाडं हे उघड दिसतं. पण शेतकी विभागाच्या पगाराचा वाटा, ठेकेदारांना दिलेल्या उचलीवरचं व्याज आणि बुडालेल्या उचलीची तरतूदही कुठेकुठे इथेच बसवलेली असते. जून ते ऑगस्टमध्ये कारखाना बँकेकडून पैसे उचलून वाहनमालकांना देतो, ते पुढे बीड, अहिल्यानगर, जळगाव भागातल्या मुकादमांना उचल देतात, आणि हंगामात टोळी आलीच नाही की ती रक्कम ‘तोडणी-वाहतूक ठेकेदारांकडून येणे’ या नावाखाली ताळेबंदात वर्षानुवर्षं पडून राहते.

दुसरी गोम सरासरीची. गेटपासून चार किलोमीटरवरच्या आणि साठ किलोमीटरवरच्या सभासदाला खर्च एकच लावला जातो. जवळचा सभासद लांबच्या उसाचं भाडं भरतो. २५ किलोमीटरपर्यंत, ५० पर्यंत आणि त्यापुढे असे टप्पे लावा ही मागणी म्हणूनच वाजवी आहे. कार्यक्षेत्राबाहेरून आणलेल्या गेटकेनचं भाडं या सरासरीत मिसळलंय का, हे सभेत आवर्जून विचारा.

पैसे किती दिवसांत मिळायला हवेत? एकरकमी की हप्त्यांनी?

ऊस (नियंत्रण) आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत. उशीर झाला तर वार्षिक १५ टक्के व्याज. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये एफआरपी दोन टप्प्यांत द्यायची मुभा देणारा निर्णय काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द ठरवला.

व्याजाचा हिशेब साधा आहे. १०० टनांचे ३०६५.२० प्रमाणे ३ लाख ६ हजार ५२० रुपये. चौदा दिवसांनंतर आणखी ६० दिवस रखडले, तर १५ टक्क्यांनी साधारण ७५५८ रुपये व्याज होतं. हे व्याज आपणहून देणारा कारखाना विरळा. मागावं लागतं, तेही लेखी.

१४ दिवस उलटले. आता नेमकं काय करायचं?

आधी कागद गोळा करा: प्रत्येक खेपेची वजनपावती, पंधरवड्याचं बिल, बँक खात्याचा उतारा. मग कार्यकारी संचालकांच्या नावे अर्ज द्या, त्यात टन, तारीख, येणं रक्कम आणि व्याजाची मागणी लिहा. आवक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा, शिक्क्याशिवायचा अर्ज म्हणजे नुसती चिठ्ठी. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर तीच कागदपत्रं जोडून प्रादेशिक सहसंचालक (साखर) यांच्याकडे तक्रार करा आणि प्रत पुण्याच्या साखर संकुलात साखर आयुक्तांना पाठवा.

आयुक्त सुनावणी घेऊन महसुली वसुली प्रमाणपत्र काढू शकतात, आपल्याकडे सगळे त्याला आरआरसी म्हणतात. ते निघालं की जिल्हाधिकारी कारखान्याची साखर, मळी, बगॅस (उसाचं चिपाड) जप्त करून लिलाव करू शकतात. अडचण अशी की गोदामातली साखर बहुतेक वेळा बँकेकडे तारण असते. जप्तीची नोटीस गोदामाच्या दारावर लागते, आतल्या पोत्यांवर बँकेचा हक्क आधीच बसलेला असतो. म्हणून वेळ महत्त्वाची. हंगाम संपून माल विकून झाल्यावर निघालेल्या आरआरसीत पकडायला फारसं काही उरत नाही. एकट्याने अर्ज करण्यापेक्षा एका गटातल्या वीस-पंचवीस जणांनी एकत्र यादी दिली तर सुनावणी लवकर लागते.

गोदाम साखरेने भरलंय, मग कारखाना ‘पैसे नाहीत’ कसं म्हणतो?

कारण साखर हंगामाच्या पाच महिन्यांत तयार होते आणि विकली जाते बारा महिन्यांत. केंद्र सरकार दर महिन्याला किती साखर विकायची याचा कोटा देतं, त्याबाहेर विकता येत नाही. उसाचे पैसे मात्र चौदा दिवसांत द्यायचे. मधली दरी साखर तारण कर्जाने भरतात.

राज्य सहकारी बँक किंवा जिल्हा बँक गोदामातल्या पोत्यांचं मूल्यांकन करते आणि त्याच्या ८५ ते ९० टक्के उचल देते. समजा मूल्यांकन क्विंटलला ३६०० रुपये, उचल ९० टक्के, म्हणजे ३२४०. ही सगळी रक्कम कारखान्याच्या हाती येत नाही. मुदत कर्जाच्या हप्त्यांपोटी बँक ठरावीक रक्कम थेट वळती करून घेते, त्याला टॅगिंग म्हणतात, समजा ५००. साखर तयार करण्याचा प्रक्रिया खर्च, समजा २५०. उसासाठी उरले २४९०.

११.४५ उताऱ्याने एका टनातून १.१४५ क्विंटल साखर. गुणाकार केला तर टनाला २८५१ रुपये. द्यायचे तोडणी-वाहतुकीसह ३९६५. तूट १११४ रुपये, प्रत्येक टनाला. यालाच कारखान्यात ‘शॉर्ट मार्जिन’ म्हणतात. ही तूट इथेनॉल, वीज, बगॅस आणि मळीच्या पैशातून भरायची, नाहीतर नवं कर्ज काढायचं. नवं कर्ज काढलं की पुढच्या वर्षी टॅगिंग ५०० चं ६५० होतं आणि तूट आणखी वाढते. बंद पडलेल्या कारखान्यांचे मागचे पाच-सहा अहवाल काढून टॅगिंगचा आकडा ओळीने लिहा, घसरण कधी सुरू झाली ते कुणी सांगायची गरज पडत नाही.

साखरेचा किमान विक्रीदर २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाला. एफआरपी त्यानंतर जवळपास दरवर्षी वाढत गेली. कारखान्यांची ओरड आहे ती याबद्दल, आणि ती खोटी नाही.

सत्तर-तीसचं सूत्र काय आहे? त्याने जास्त मिळतं का?

केंद्राने साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीच्या शिफारशीवरून महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊस दर विनियमन कायदा केला. साखर आणि प्राथमिक उपपदार्थ, म्हणजे मळी, बगॅस, प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ), यांच्या एकूण उत्पन्नाच्या ७० टक्के उसाला. फक्त साखर धरली तर ७५ टक्के. एफआरपी आणि हा दर, यांपैकी जो जास्त तो द्यायचा.

बसवून पाहू. साखर ३७०० रुपयांनी १.१४५ क्विंटल, ४२३६ रुपये. उपपदार्थांचे समजा ६५०. बेरीज ४८८६, तिचे ७० टक्के ३४२०. एफआरपी ३९६५. म्हणजे सूत्राने काहीच जास्त मिळत नाही. याच आकड्यांवर सूत्राने एफआरपीला मागे टाकायचं तर साखर सुमारे ४३८० रुपये क्विंटलने विकली जायला हवी. त्यामुळे ‘सत्तर-तीस लागू करा’ ही घोषणा ऐकायला दणदणीत असली तरी खरा मुद्दा वेगळाच आहे: इथेनॉल आणि विजेचा नफा या हिशेबात मळी आणि बगॅसच्या भावाने येतो, तयार मालाच्या भावाने येत नाही. वाद घालायचा तर तिथे घाला.

इथेनॉलचा फायदा सभासदापर्यंत पोचतो का?

पोचायला हवा, पण वाट वळणाची आहे. एका टनातून साधारण ४० किलो सी-हेवी मळी (साखर काढून उरलेली शेवटची मळी) निघते, तिच्यापासून नऊ-दहा लिटर इथेनॉल. बी-हेवी म्हणजे त्याआधीच्या टप्प्यावरची, जास्त साखर शिल्लक असलेली मळी. २०२४-२५ साठी सी-हेवीच्या इथेनॉलला लिटरला ५७.९७, बी-हेवीला ६०.७३ आणि रसापासूनच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये दर होता. तेल कंपन्यांचे पैसे साखरेच्या मानाने लवकर येतात, हा मोठा गुण.

बी-हेवी किंवा रस वळवला की पोत्यात भरलेली साखर कमी होते आणि उतारा कमी दिसतो. एफआरपीसाठी वळवलेली साखर परत मिळवून उतारा काढायचा असतो. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही साखर संशोधन संस्था त्याचं प्रमाणपत्र देते. ते प्रमाणपत्र बघायला मागा. ‘या वर्षी उताराच पडला’ असं नुसतं तोंडी ऐकून घेऊ नका.

धोकाही आहे. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने रसापासून इथेनॉल करायला अचानक लगाम घातला. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी नुकतीच वाढवली होती त्यांचे हप्ते थांबले नाहीत, टाक्या मात्र रिकाम्या राहिल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये बंधन उठलं.

बिलातल्या कोणत्या कपाती थांबवता येतात?

बिल हातात घ्या आणि कपातींचे तीन ढीग करा. पहिला, तुमचंच देणं: सोसायटीचं पीककर्ज, कारखान्याकडून उधार घेतलेलं बेणं आणि खत, पाणीपट्टी. ही कपात रास्त, फक्त रकमा ताडून पाहा. दुसरा, शेअरची बाकी आणि परतीच्या ठेवी. हा तुमचाच पैसा आहे, ठेवीची पावती आणि व्याजदर मागा. तिसरा ढीग निधी-वर्गण्यांचा: शिक्षणसंस्था, देवस्थान, स्मारक, कुणाची तरी पंचाहत्तरी. यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव कोणत्या तारखेचा, हे विचारा. टनाला पाच रुपये ऐकायला किरकोळ, पण सहा लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात ते तीस लाख होतात.

बिनपरतीची ठेव हा शब्द मुळात गमतीचा आहे. परत न मिळणाऱ्या पैशाला ठेव का म्हणायचं? व्यवहारात ते सभासदाने दिलेलं बिनव्याजी, बिनमुदतीचं भांडवल असतं. कारखान्याने ती रक्कम शेअरमध्ये वर्ग केली तर निदान नावावर तरी राहते.

सोसायटीचं कर्ज परस्पर उसाच्या बिलातून कसं कापतात?

गावची विकास सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक, तिच्यावर राज्य बँक, अशी ही तीन मजली उतरंड. पीककर्ज घेतानाच तुम्ही पिकावर बोजा देता आणि उसाच्या बिलातून वसुली करायला संमतीपत्र देता. हंगामाआधी सोसायटीचा सचिव येणेबाकीची यादी कारखान्याला देतो आणि कारखाना बिल काढताना ती रक्कम बँकेत भरतो.

खटका उडतो तारखेवरून. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलती मिळून ते शून्य टक्क्याने पडतं. कारखान्याने बिलातून रक्कम वेळेत कापली, पण बँकेत उशिरा भरली, तर सोसायटीच्या वहीत तुम्ही थकबाकीदार दिसता आणि सवलत जाते. दोष कारखान्याचा, भुर्दंड तुमचा. म्हणून कपात झाल्यावर आठवडाभरात सोसायटीत जाऊन कर्जखात्यावर जमा झाली का ते बघा. झाली नसेल तर कपात दाखवणाऱ्या बिलाची प्रत सचिवाकडे अर्जासोबत द्या.

काट्याबद्दल शंका असेल तर?

वीस टनांच्या खेपेत एक टक्का मारला तर २०० किलो, म्हणजे वरच्या दराने ६१३ रुपये. एका खेपेचे. भरलेली गाडी वाटेतल्या खात्रीच्या काट्यावर तोलून पावती घ्या, त्यावर वाहन क्रमांक आणि वेळ हवी. कारखान्याच्या पावतीशी मेळ घाला. थोडा फरक दोन काट्यांत असतोच, पण तो दरवेळी एकाच बाजूला झुकत असेल तर वैधमापन निरीक्षकाकडे आणि तहसीलदारांकडे तक्रार द्या, भरारी पथक त्यासाठीच असतं. रिकाम्या गाडीचं वजन, म्हणजे टेअर, दर खेपेला घेतात की जुनाच आकडा चालवतात, हेही बघा. बऱ्याचदा गडबड तिथे असते.

वजन सगळंच काट्यावर मरत नाही. तोडलेला ऊस फडात दोन दिवस उन्हात पडला किंवा गाडी गव्हाणीच्या रांगेत अडकली तरी तो वाळतो. मशिनने तोडलेल्या उसाला पालापाचोळ्यापोटी वेगळी वजावट असते, तिची टक्केवारी तोडणीआधी विचारून ठेवा.

टोळी ‘खुशाली’, म्हणजे तोडणीसाठी वरचे पैसे, मागते. द्यायची का?

द्यायची गरज नाही. मजुरी तुमच्या दरातून आधीच कापलेली आहे. पण ऊस बारा महिन्यांवर गेलेला, तुरा आलेला, टोळी बांधावर बसलेली, अशा वेळी नियम ऐकवून कोयता हलत नाही हेही खरं. तक्रार करायची तर गट ऑफिसला लेखी द्या, टोळी क्रमांक आणि वाहन क्रमांकासह. ठेकेदाराच्या बिलातून ती रक्कम वळती करून देता येते. ज्या कारखान्यात चिटबॉय (तोडणीची पाळी लावणारा कारखान्याचा कर्मचारी) नोंदीच्या तारखेप्रमाणे काटेकोर पाळी लावतो, तिथे खुशाली आपोआप कमी होते. पाळी मोडली की भाव फुटतो.

ऊस बाहेरच्या कारखान्याला घातला तर सभासदत्व जातं का?

एका हंगामाने जात नाही. झोनबंदी आता नाही, ऊस कुणालाही घालता येतो. मात्र सलग काही वर्षं उपविधीतला किमान पुरवठा झाला नाही तर अक्रियाशील ठरवलं जाऊ शकतं, आणि त्याचा मतावर काय परिणाम होतो ते उपविधीत बघा. सवलतीची साखरही बंद होते, आणि घरात दुखतं ते तिथेच. एफआरपी सभासद आणि बिगरसभासद दोघांनाही सारखीच लागू आहे, त्यामुळे शेजारचा खासगी कारखाना शंभर रुपये जास्त देतोय म्हणून ऊस घालताना तिथला काटा आणि पैसे देण्याची तारीख यांचाही हिशेब धरा. २०२४-२५ मध्ये राज्यात गाळप घेतलेल्या २०० कारखान्यांत निम्म्याहून किंचित जास्त खासगी होते. स्पर्धा आहे, ती वापरा.

वार्षिक अहवालात काय बघायचं? सभेत बोलू देतात का?

सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. अहवाल आधी मिळवा, सभेच्या मांडवात बसून वाचता येत नाही. रंगीत फोटोंची पानं उलटा आणि थेट ताळेबंदावर या. नक्त मूल्य, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा करून उरलेली रक्कम, अधिक आहे की उणे. मुदत कर्ज मागच्या वर्षापेक्षा वाढलं की घटलं. ठेकेदारांकडून येणं किती आणि त्यातलं तीन वर्षांहून जुनं किती. अखेरच्या साठ्यातल्या साखरेचं मूल्य कोणत्या भावाने धरलंय, कारण बाजारभावापेक्षा दोनशे रुपये चढा धरला की कागदावर तोटा नाहीसा होतो. एक क्विंटल साखर तयार करायला प्रक्रिया खर्च किती आला आणि क्षमतेच्या मानाने गाळप किती झालं. रोज पाच हजार टनांचा कारखाना जेमतेम नव्वद दिवस चालला, तर पगार आणि व्याज तेवढंच राहून टनामागचा खर्च चढतो. शेवटी लेखापरीक्षकाचा शेरा आणि वर्ग.

प्रश्न सभेआधी उपविधीतल्या मुदतीत लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी प्रश्नाच्या वेळी ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो आणि सभा वीस मिनिटांत उरकते. लेखी प्रश्न उरकत नाही. सहकार कायद्याच्या कलम ३२ खाली सभासदाला उपविधी, ताळेबंद, सभेचं इतिवृत्त आणि स्वतःच्या खात्याची नक्कल फी भरून मागता येते. गैरव्यवहाराची ठोस कागदं असतील तर कलम ८३ ची चौकशी आणि त्यातून कलम ८८ खाली संचालकांकडून नुकसानभरपाईची वसुली, हा पुढचा रस्ता. तो लांबचा आहे, वर्षं जातात.

कारखाना तोट्यात जाऊन विकला गेला तर माझ्या शेअरचं काय?

तुमची जबाबदारी शेअरच्या रकमेपुरती. कारखान्याचं कर्ज तुमच्या सातबाऱ्यावर येत नाही. पण शेअरही जवळपास बुडतो, कारण मालमत्ता विकून आलेल्या पैशावर आधी तारणधारक बँकेचा हक्क, मग कामगार आणि इतर देणी, सभासद अगदी शेवटी. कारखाना भाडेतत्त्वावर चालवायला दिला तर मालकी सभासदांचीच राहते. अशा वेळी भाड्याचा करार बघा: रक्कम वर्षाला ठोक आहे की गाळपाच्या टनावर, जुनी ऊसबिलं कोण देणार, आणि यंत्रांची देखभाल कुणाकडे. तिसरा मुद्दा करारात धूसर राहिला की दहा-पंधरा वर्षांनी परत हाती येतो तो भंगाराचा सांगाडा.

वडील वारले. शेअर माझ्या नावावर कसा करायचा?

मृत्यूचा दाखला, मूळ भाग दाखला, वारसनोंद झालेला सातबारा आणि इतर वारसांचं स्टॅम्पवरचं संमतीपत्र, एवढं घेऊन शेअर विभागात अर्ज द्या. नामनिर्देशन असेल तर काम लवकर होतं, पण नामनिर्देशित माणूस म्हणजे एकटा मालक नव्हे, बाकीच्या वारसांचा हक्क राहतो. जमिनीचं वाटप होऊन ऊस दोघा भावांच्या नावावर गेला असेल तर शेअर एकाकडे जातो आणि दुसऱ्याने नवा घ्यावा लागतो. वडिलांच्या नावावरच्या परतीच्या ठेवी आणि राहिलेली बिलं यांचा त्याच अर्जात वेगळा उल्लेख करा. शेअर वर्ग होतो आणि ठेवी जुन्या खात्यावर तशाच पडून राहतात, हे फार ठिकाणी दिसतं.